अस्वलिणीचं चमचाभर दूध

अस्वलिणीच्या पायाची जखम शिवून झाल्यावर ताईने घड्याळ बघितलं. "भूल अजून पंधरा मिनिटं टिकेल. तुझं काय ते उरकून घे."

ताई जनावरांची डॉक्टर. धाकटी रसायनशास्त्रातली संशोधक. रानटी सस्तन प्राण्यांच्या दुधातल्या साखरा हा तिचा विषय. गाईच्या दुधात साधी साखर भरपूर असते. अस्वलिणीच्या दुधात ती अगदीच कमी, जास्त साखरा गुंतागुंतीच्या, साखळीसारख्या. त्या तपासायला धाकटीने तीन वर्षं वाट पाहिली होती. शेवटी फासात सापडलेली ही अस्वलीण पिल्लासकट बचाव केंद्रात आली.

धाकटीची बोटं भरून आली, तरी नळीत जेमतेम चमचाभर दूध जमलं. तेवढ्यात राखणदार पिल्लाला टॉवेलात गुंडाळून घेऊन आला. जखमी आई बेफाम झाल्यामुळे चार दिवस त्याला वेगळं ठेवून गाईचं दूध पाजत होते. हगवण काही थांबत नव्हती.

"बाई, यानं मान टाकली हो."

"त्याला ते दूध पचतच नाहीये," धाकटी म्हणाली. "ताई, आईलाच लावू या."

"वेड लागलंय? ती जागी झाली तर हात जाईल तुझा!"

धाकटीने नळीतलं दूध थेंब थेंब पिल्लाच्या तोंडात सोडलं. सगळं. मग त्याला आईच्या पोटाशी धरलं. ते ओढेना. तिने सड पिळून दुधाचा थेंब त्याच्या ओठांना लावला, पुन्हा लावला. बऱ्याच वेळाने चुटूचुटू आवाज आला.

अस्वलिणीचा कान हलला.

"बाहेर ये!" ताई पिंजऱ्याच्या दारातून ओरडली.

धाकटीने पिल्लाला ओढलं. ते सुटेना, किंचाळलं. अस्वलिणीची नखं फरशीवर घासली.

"राहू दे त्याला! तू ये!"

ती धडपडत बाहेर पडली आणि राखणदाराने कडी घातली. अस्वलिणीने झिंगलेलं डोकं उचललं, पिल्लावर जबडा उघडला. ताईने धाकटीचा दंड गच्च धरला. अस्वलीण हुंगत राहिली. मग पिल्लाचं बरबटलेलं बूड चाटू लागली.

"घेतलं बुवा पदरात," राखणदार खाली बसत म्हणाला.

चौथ्या दिवशी हगवण थांबली. नमुन्यासाठी पुन्हा भूल द्यायला ताईने साफ नकार दिला, आणि धाकटीनेही हट्ट धरला नाही. दोन महिन्यांनी मायलेकरं रानात गेली.

"मग दूध मिळालं का?" तिच्या सरांनी विचारलं.

"मिळालं होतं, सर. पिल्लाला पाजलं."

सरांनी नमुन्यांच्या यादीत अस्वलापुढची जागा रिकामीच ठेवली. धाकटी माफी मागत बसली नाही.