डावी भिवई

भिवईतली ती पांढरी फट तांदळाच्या दाण्याच्या निम्म्याहूनही लहान होती. आशालताने भिंग छापावर धरून ती नीट पाहिली. दोन्ही कडा स्वच्छ उमटल्या होत्या, शाई कुठे पसरली नव्हती. हळदूच्या लाकडात एवढी बारीक खाच घ्यायची तर पटाशीचं टोक एकदाच टेकवावं लागतं. दुसऱ्यांदा टेकवलं की कड ढासळते. तिने एकदाच टेकवलं होतं.

छाप पोस्टकार्डाएवढा होता. त्यात तिचा नवरा होता, नीळकंठ, बुशशर्टाच्या कॉलरपर्यंत.

बालाघाटच्या मुलींच्या शाळेत आशालता जीवशास्त्र शिकवायची आणि सुटीच्या दिवशी लाकडावर चित्रं कोरायची. फार वर्षांपूर्वी उन्हाळ्यात नागपूरला एक वर्ग झाला होता, तिथे हा नाद लागला आणि तिथेच आठ जणांची मंडळी जमली. प्रत्येकाने वर्षाला एक छोटा ठोकळा कोरायचा, त्याचे आठ छाप काढून नागपूरच्या गुणाकररावांकडे पाठवायचे. गुणाकरराव ते लावून प्रत्येकाला एकेक पुडकं पाठवत. त्यात आठ हातांची आठ चित्रं असत. मंडळींचा एक नियम होता. आठ छाप निघाले की ठोकळ्यावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पटाशी चालवायची, आणि त्या कापलेल्या ठोकळ्याचा एक छाप सोबत जोडायचा. नववा निघणार नाही, याची ती खूण.

आजवर तिने पानं कोरली होती, पतंग कोरले होते. ठोकळे कापताना कधी काही वाटलं नाही. यंदा गुणाकररावांनी विषय दिला होता, चेहरा. शाळेतल्या बाया, मोहाची फुलं विकायला येणारी म्हातारी, असे बरेच चेहरे तिने मनात आणून पाहिले. शेवटी कार्बन कागद ठेवला तो लग्नानंतरच्या वर्षी काढलेल्या नीळकंठच्या फोटोखाली.

नीळकंठ रस्त्याच्या कामावर ओव्हरसियर होता. चौदा वर्षांपूर्वी वैनगंगेला पूर असताना डोंगा उलटला. डोंग्यातले बाकीचे सगळे सापडले, कोणी जिवंत, कोणी मेलेले. तो सापडला नाही. भटजींनी सांगितलं होतं की बारा वर्षं वाट पाहावी, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा. बारा वर्षं होऊन दोन वर्षं गेली. पुतळ्याचं नाव घरात कोणी काढलं नाही. आशालता रोज सकाळी कुंकू लावायची आणि शाळेत जायची. जे दिसलं नाही ते वहीत लिहायचं नाही, असं ती प्रयोगाच्या तासाला मुलींना सांगायची. घरातही ती त्याच वाक्यावर उभी होती.

छाप दोरीवर टांगलेले होते. कोरलेला ठोकळा रॉकेलने पुसून टेबलावर ठेवला होता. गुणाकररावांचं कार्ड आलं होतं: सगळ्यांचे पोचले, फक्त आपले राहिले.

त्या रविवारी किरनापूरहून दीर आला. घनश्यामचं तिथे कापडाचं दुकान होतं. त्याच्या मुलीचं, पुष्पलताचं, लग्न ठरलं होतं. ओसरीत बसून त्याने पिशवीतून पत्रिकेचा मसुदा काढला.

"माय, छापखान्यावाला रोज विचारून राह्यला," तो आईला, रुख्माबाईंना, म्हणाला. "मोठा म्हणून पहिलं नाव दादाचं. पण टाकू कसं? नुसतं टाकलं तं लोक म्हणतीन, बलावते कोण, अन् तो हाय कुठं? कैलासवासी टाकलं तं तुमी दोघी..."

"मले काहून विचारतं?" रुख्माबाई सुपातले तांदूळ पाखडत राहिल्या. "कुंकू तिच्या कपाळाले हाय. तिले विचार."

"आईंचा मुलगा आहे," आशालता म्हणाली. "आई म्हणतील तसं."

"हौ. म्हंजे पुन्हा इकडून तिकडं, तिकडून इकडं." घनश्यामने मसुद्याची घडी घातली. "इतकी वर्षं मी हा चेंडूच पाहून राह्यलो. तुमी खेळा. मी पानी पिऊन येतो."

तो आत गेला आणि टेबलाजवळ थबकला.

"वहिनी, हे काय? दादाले दोरीवर वाळू घातलं?"

"छाप आहेत, भाऊजी. शाई ओली आहे, हात लावू नका."

"एक सापडत नव्हता, तं तुमी आठ काढले," तो म्हणाला. आशालताने त्याच्याकडे पाहिलं नाही.

बाहेर सूप वाजायचं थांबलं. रुख्माबाई भिंतीला हात लावत आत आल्या. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना जाड भिंगांचा चष्मा होता. तो पदराने पुसून त्यांनी दोरीवरचा पहिला छाप पाहिला, मग दुसरा, मग तिसरा. एकेकापाशी त्या सारख्याच वेळ थांबल्या.

"तोंड त्याचंच हाय," त्या म्हणाल्या. "पण हा माहा लेक नोहे."

"का हो आई?"

"चालाले शिकला तवा जात्यावर पडला. डावी भिवई फुटली. म्या हळद दाबून धरली व्हती, ह्या हातानं. ह्या मानसाची उजवी फुटली हाय."

आशालताने पाहिलं. जी फट तिने भिंगाखाली तपासली होती ती नीळकंठच्या उजव्या भिवईत होती. भांगही उलट्या बाजूला पडला होता. आरशात तोच स्वतःला असा दिसत असेल. घरात दुसऱ्या कोणी त्याला असं पाहिलेलं नव्हतं.

ती खुर्चीवर बसली. छापताना चित्र उलटतं, म्हणून लाकडावर ते आधीच उलटं काढायचं असतं. सूक्ष्मदर्शकात वस्तू उलटी दिसते, हे ती दर वर्षी नव्या वर्गाला पहिल्याच दिवशी सांगायची. पण पान उलटलं काय, पतंग उलटला काय, कुणाला कळतं? फोटोवरून पेन्सिल फिरवायची आणि कोरायला बसायचं, ही सवय तिच्या हाताला लागली होती. चेहऱ्याला ती चालली नाही.

तिने टेबलावरचा ठोकळा उचलून सासूच्या हातात दिला.

रुख्माबाईंनी तो खिडकीपाशी नेला. तिरप्या उजेडात कोरलेल्या रेषा दिसत होत्या. त्यांनी अंगठा गालावरून वर नेला आणि डाव्या भिवईतल्या खाचेवर ठेवला. बराच वेळ तो तिथेच होता.

"हौ," त्या म्हणाल्या. "हा हाय."

"मंग हाच ठेवा घरी," घनश्याम म्हणाला. "नागपूरवाल्याले पानफूल काहीतरी पाठवून द्या, वहिनी."

"आठ छाप निघाले की ठोकळा कापायचा असतो, भाऊजी. आमचा नियम आहे."

"कापाचा?" रुख्माबाईंनी मान वळवली. "तोंडावरून?"

"हौ, आई. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत."

"मंग काहून नाही कापला?"

"पटाशी टेकवून पाहिली. दोनदा. दाबली गेली नाही."

ठोकळा पदरात धरून रुख्माबाई देवघराकडे निघाल्या. तिथे देवांच्या खालच्या पायरीवर चांदीचे टाक होते, त्यांच्या सासऱ्यांचा, त्यांच्या नवऱ्याचा. पायरीवर बोटभर जागा मोकळी होती. त्यांनी हात पुढे केला आणि तो अर्ध्यातच राहिला. तिथे गेलेल्यांनाच बसवतात. मग त्या बाहेरच्या खोलीत आल्या, जिथे नीळकंठचा फोटो होता, हार नसलेला. फोटोखालच्या फळीवर ठोकळा ठेवला आणि लगेच उचलला. त्याच्या कपड्यांची पेटी कोपऱ्यात होती. झाकणाची कडी त्यांनी काढली.

"इथं ठेवलं तं कोंडल्यावानी व्हईन," त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि कडी पुन्हा लावली.

घनश्याम दाराशी उभा होता. मसुदा त्याच्या हातात होता, पण त्याने तो पुढे केला नाही.

आशालता सासूच्या मागे मागे खोल्यांतून चालत आली होती. घर मोठं नव्हतं. या म्हातारीला आपल्या मुलासाठी त्यात एक जागा सापडत नव्हती. मेलेल्यांची जागा होती, जिवंतांची होती. तिला आठवलं, दर दसऱ्याला रुख्माबाई पेटीतले शर्ट उन्हात घालायच्या आणि संध्याकाळी घडी करून परत ठेवायच्या, आणि आपण ते सगळं पाहत वह्या तपासत बसायचो. जे दिसलं नाही ते लिहायचं नाही. पण हे तर तिने दर वर्षी पाहिलं होतं.

"आशा," रुख्माबाई म्हणाल्या. लाकूड त्यांनी घट्ट धरलेलं होतं. "तूच केला याले. तूच सांग बाई, कुठं ठेवू?"

यावेळी आशालताला ते परत सासूकडे टोलवता आलं नाही. तिने पुढे होऊन ठोकळ्याखाली आपला हात दिला. सासूचा हात काढला नाही.

"ठेवायचा नाही, आई," ती म्हणाली. आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचेल एवढाच होता. "भाऊजी, पत्रिकेत ह्यांच्या नावाआधी कैलासवासी टाका. लग्नाआधी पळसाची पानं आणू, नदीवर पुतळा करू, आणि हा त्याच्या तोंडाच्या जागी ठेवू. तुम्ही अग्नी द्या. ह्यांचा विधी आपण करू."