दोन रिंगा

फोनची वायर काढताना सूनबाईने आधी दाराकडे पाहिलं. सासूबाई आंघोळीला गेल्या होत्या. खट्‌कन आवाज झाला आणि फोन मुका झाला. "काही पाप नाही लागत," ती पुटपुटली, पण कान न्हाणीघराकडेच लागलेले.

तिने तरी काय करावं? फोन आणि इंटरनेट एकाच तारेवरून घरात येत होते, आणि त्यांनी एकमेकांच्या पायात पाय घालू नये म्हणून कंपनीच्या माणसाने मध्ये काडेपेटीएवढी डबी बसवली होती. तिला फिल्टर म्हणतात. नेमकी तीच बिघडलेली. फोन वाजला की इंटरनेट आडवं, आणि रिसीव्हर उचलला तर विचारूच नका. मोडेमचे दिवे परत स्थिर होईपर्यंत माणसाचा जीव टांगणीला. "उद्या नवी आणतो" म्हणून गेलेल्या त्या माणसाचा उद्या काही उगवत नव्हता.

आणि आज परीक्षा होती. लग्नानंतर शाळेतली नोकरी सुटली ती सुटलीच. अर्ज करून करून तिने हात टेकले होते. शेवटी एका शिकवणीच्या संस्थेने घरबसल्या, पडद्यावरून गणित शिकवायचं काम देऊ केलं. आधी नमुन्याचा तास घ्यायचा. पहिल्या खेपेला ऐन तासात फोन वाजला आणि सगळं बोंबललं. परीक्षक बाईंनी दुसरी संधी दिली, वर बजावलंही, "तिसरी मिळणार नाही हं."

वाजणारा फोन तरी कोणाचा? मावशींचा. सासूबाईंची ही थोरली बहीण दूरच्या गावी हट्टाने एकटी राहायची. रोज सकाळी उठलं की नंबर फिरवायचा, दोन रिंगा वाजू द्यायच्या आणि ठेवून द्यायचं. म्हणजे मी आहे. इकडे उचलायचा नाही. दोन रिंगा ऐकल्या की "आहे गं बाई, आहे" म्हणत सासूबाई चहाला बसायच्या.

आदल्या संध्याकाळी सूनबाईने विनवलं होतं, "आई, मावशींना उद्या बाराला वाजवायला सांगाल? तोवर माझा तास होईल. आणि काही झालं तरी फोनला हात लावू नका."

"सांगते की! आणि हात कशाला लावीन? मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

त्यांनी सांगितलंही. पण मावशी सांगितलेलं विसरण्यात पटाईत. म्हणून ही चोरी. बाराच्या आत वायर परत लावायची, कोणाला कळणारही नाही, असा हिशेब होता.

हिशेब परीक्षक बाईंनीच बिघडवला. त्या पडद्यावर उगवल्याच उशिरा. पण तास मात्र असा रंगला की बस! बाई मुद्दाम ढ विद्यार्थिनी झाल्या होत्या. "एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश मिळून दोन पंचमांश ना?"

"बघ हं," सूनबाईने कागदाची पट्टी दुमडली. "दोन पंचमांश तर अर्ध्यापेक्षा कमी. अर्ध्यात भर घातली आणि ते घटलं कसं?"

"अगंबाई!" बाई खऱ्याच हसल्या. सूनबाईला वाटलं, जमलं. आता फक्त टिकायला हवं.

तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात, तिच्या स्वतःच्या चित्रामागे, सासूबाई दिसल्या. फोनशेजारच्या स्टुलावर येऊन बसल्या होत्या. बारा कधीच वाजून गेले होते.

सूनबाई बोलत राहिली. मागे सासूबाईंनी घड्याळ पाहिलं, फोन पाहिला, पुन्हा घड्याळ. हात रिसीव्हरपर्यंत गेला आणि चटका बसल्यासारखा मागे आला. शब्द दिला होता ना! मग त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि ओठ घट्ट मिटले. खांदे तेवढे हलत होते. सूनबाईच्या ध्यानात आलं. त्यांच्या लेखी बहीण गेली होती, आणि सुनेचा तास बिघडू नये म्हणून ही बाई आवाज न करता रडत होती.

वायर लावून काय उपयोग? मावशींच्या रिंगा वाजून विरल्या असणार. आता इकडूनच फोन करायला हवा. आणि रिसीव्हर उचलला की संपलं.

"आता शेवटचं उदाहरण," बाई म्हणाल्या. "दहा मिनिटं."

दहाच मिनिटं. तिने खडू उचलला. "आधी छेद समान..." पुढचं काही सुचेना. स्वतःचीच घृणा वाटली तिला.

"बाई, मला थांबावं लागेल. घरातून फोन करायचाय. केला की लाइन तुटेल."

"तास संपल्यावर करा ना."

"नाही हो जमणार."

"मी काय सांगितलं होतं, आठवतंय ना?"

"आठवतंय," ती म्हणाली आणि उठली.

तिने टेबलामागे वाकून वायर लावली. सासूबाई बघतच राहिल्या.

"मीच काढली होती, आई. मावशींनी वाजवला असेल, आपल्याला कळलं नाही." आणि तिने नंबर फिरवला. मागे बाईंचा चेहरा अर्ध्या शब्दावर थिजला, मोडेमचे दिवे लुकलुकायला लागले.

तिकडे रिंग वाजत होती. वाजतच होती. "उचला हो मावशी, उचला," सूनबाई पुटपुटत राहिली. नाहीच उचलला तर? मग या वायरचं काय सांगायचं, जन्मभर?

"कोण तडफडलंय?" पलीकडून आवाज कडाडला.

सासूबाईंनी रिसीव्हर हिसकावूनच घेतला. "ताई!" मावशींचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "मी बरोब्बर बाराला वाजवला! दोनदा! तू काय झोपली होतीस?"

सासूबाईंनी लाल डोळ्यांनी सुनेकडे पाहिलं. सूनबाईने मान खाली घातली. बोला, काय बोलायचं ते. चूकच होती माझी.

"अगं, केर काढताना वायर सुटली माझ्या हातून," सासूबाई म्हणाल्या. "माझंच लक्ष नव्हतं."

"धांदरट ती धांदरटच! आणि पोरीचा तास झाला का?"

सासूबाईंनी थिजलेल्या पडद्याकडे पाहिलं, लुकलुकणाऱ्या दिव्यांकडे पाहिलं.

"नाही झाला अजून. ठेव तू आधी, लाइन मोकळी कर," त्या म्हणाल्या, आणि बहीण पुढे काही बोलायच्या आत त्यांनी रिसीव्हर ठेवून दिला.