ओढ्यापलीकडचं आमेन

तुम्ही त्याला मारलंत. चर्चच्या पुढच्या बाकांवर बसून गळा काढून प्रार्थना करणाऱ्या बंधूंनो, तुम्हीच. कोळशाच्या धुळीने आर्व्हिलची फुप्फुसं खाल्ली हे खरं, पण धुळीने त्याला घराबाहेर काढलं नव्हतं.

आर्व्हिलची पहिली बायको तरुणपणीच दुसऱ्याचा हात धरून ओहायोला गेली. तिथे तिला नातवंडं आहेत आणि ती ठणठणीत आहे. तिचं ठणठणीत असणं तुम्हाला पुरलं. पहिली जिवंत असताना त्याने डेल्सीशी लग्न केलं, त्याला एकतीस वर्षं झाली. असल्या माणसाला तुम्ही ‘दुहेरी लग्नाचा’ म्हणता. त्याला गाणी म्हणू देता, शवपेटीला खांदा देऊ देता. बाप्तिस्मा देऊन मंडळीत घेत नाही.

केंटकीतल्या त्या अरुंद खोऱ्यात रोज सकाळी डेल्सी स्वयंपाकघरात शास्त्राचा, बायबलचा, एक अध्याय मोठ्याने वाचायची. आर्व्हिल पोरवयातच खाणीत उतरलेला, त्याला अक्षर येत नव्हतं. पण कान तिखट.

“नावं गाळलीस तू,” वंशावळ आली की तो हमखास म्हणायचा.

“सगळे मेलेत ते. कोण विचारतंय त्यांना?”

“मी मेल्यावर माझंही गाळशील.”

“तुझं तर आधी गाळीन. कॉफी पी.”

अध्याय संपला की तो ‘आमेन’ म्हणायचा, मगच न्याहारीला हात लावायचा. आणि ऐकलेलं त्याच दिवशी करायचं, हा त्याचा हट्ट. शत्रूवर प्रेम करा असं ऐकलं त्या दिवशी, ज्या शेजाऱ्याने त्याचा कुत्रा गोळी घालून मारला होता त्याच्याकडे हा डुकराची अख्खी खारवलेली मांडी घेऊन गेला. डेल्सी आठवडाभर धुमसत होती.

नाकात ऑक्सिजनची नळी आली तेव्हा त्याने तुमच्याकडे बाप्तिस्मा मागितला. मरण्याआधी एवढंच हवं होतं त्याला. तुमच्यातले सर्वांत मोठे बंधू घरी आले. डेल्सीच्या हातचा घेवडा आणि मक्याचा पाव पोटभर जेवले, तोंड पुसलं आणि म्हणाले, “एका छपराखाली राहणं सोडा. तिने तुझ्या उंबऱ्यात पाऊल टाकायचं नाही, तू तिच्या. मग बघू.”

“या वयात आम्ही काय करतो असं वाटतं तुम्हाला?” डेल्सी म्हणाली. “कफ सुटावा म्हणून त्याची पाठ चोळते मी.”

“मी नाही सांगत, भगिनी. शास्त्र सांगतं.”

शास्त्राचं नाव घेतलंत, तिथेच आर्व्हिल संपला. ऐकलेलं करायची सवय त्याला. ओढ्यापलीकडे पुतण्याचं जुनं, चाकांवरचं फिरतं घर रिकामं उभं होतं, तिकडे त्याने कपडे हलवले.

“रागावलीस?” जाताना त्याने विचारलं.

“हो.”

“पलीकडून वाचशील ना?”

तिने नळी त्याच्या कानामागे नीट अडकवली. मग म्हणाली, “नावं गाळीन.”

बाप्तिस्मा मार्चमध्ये झाला. नळी काढून दोघांनी त्याला धरून नदीच्या गार पाण्यात नेलं. तो वर आला तो रडत, हसत. तुम्ही सगळ्यांनी त्याला मिठ्या मारल्या. डेल्सी वर रस्त्यावर टॉवेल घेऊन उभी होती. कोणीतरी येऊन तो तिच्या हातातून घेतला आणि त्याला पुसलं.

त्यानंतर ती रोज पडवीत बसून ओरडून वाचायची. पलीकडून आमेन यायचं, दिवसेंदिवस बारीक.

मे महिन्यात एका सकाळी येशूला विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी बाईचा अध्याय होता. मध्येच त्याला ढास लागली. डेल्सी थांबली. खोकला बंद झाला. ती उठून ओढ्यावरच्या फळीपर्यंत गेली, एक पाय फळीवर टाकला. आणि बाप्तिस्म्यानंतर त्याने हात जोडून सांगितलेलं तिला आठवलं: काहीही झालं तरी येऊ नकोस, डेल्सी. एवढं मिळालंय, घालवू नकोस. ती मागे फिरली. अध्याय शेवटपर्यंत वाचला. आमेन आलं नाही. शेवटच्या ओळी तिने पुन्हा वाचल्या, आणखी मोठ्याने. मग पुतण्याला हाका मारल्या.

आर्व्हिल आत दाराशी पडला होता. दार अर्धवट उघडलेलं होतं. तो तिच्याकडेच यायला निघाला होता की हवेसाठी, कोणाला माहीत.

त्याला पुरल्यानंतरच्या शनिवारी तुमची बैठक होती. तिथे बायका बोलत नाहीत. डेल्सी दारात उभी राहून बोलली.

“विहिरीवरच्या त्या बाईला पाच नवरे झाले होते आणि सहावा तिचा नव्हता. प्रभूने तिच्याकडे प्यायला पाणी मागितलं. नवऱ्याला सोडून ये म्हणाला नाही, बोलावून आण म्हणाला.”

“भगिनी,” मोठे बंधू म्हणाले, “तुझ्यासाठी आम्ही प्रार्थना करतोय.”

“नका करू. माझा माणूस दाराशी मरत होता आणि मी वाचत बसले होते. तुमच्या मांडीवर शास्त्र आहे. मी तो ओढा ओलांडायचा नाही, असं कुठे लिहिलंय? शोधा. तुमची पानं उलटून होईपर्यंत मी इथून हलणार नाही. कुठे लिहिलंय?”