सात नंबरचा तेजोगोल

ही गोष्ट लिहायचीच नाही, असं मीटरने, म्हणजे आमच्या वीज मोजणाऱ्या पोराने, ठरवलं होतं. तीनदा टाइप केली, तीनदा पुसली. गोष्टीत एक भोंदू आहे, त्याची फजिती आहे, इथपर्यंत सगळं झकास. पण त्या भोंदूच्या हाती कोलीत दिलं कुणी, हे आलं की बोटं थांबायची. शेवटी त्याचा मित्र म्हणाला, "अर्धीच गोष्ट सांगणार असशील तर तुझ्यात नि त्या गुरूत फरक काय रे?"

मग चौथ्यांदा टाइप केली.

तर त्या संध्याकाळी सात नंबरच्या इमारतीच्या दारात पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्याखाली तिपाईवर तांब्याचा एक गोळा, कलिंगडाएवढा. त्याच्या वर भिंतीला संशोधन संस्थेचा फलक. इमारत बाहेरून वीज घेत असेल तर त्यावर आकडा लाल, बाहेर वीज देत असेल तर हिरवा. चार दिवस आभाळ भरलेलं, छपरावरच्या सौरपट्ट्यांनी उन्हाचं तोंड पाहिलं नव्हतं. आणि आकडा? हिरवागार!

"बघा, बाळांनो, बघा!" तेजोगुरू म्हणाले. अंगात पांढराशुभ्र कोट, गळ्यात तांब्याची तार. "सूर्य झोपलाय, पण गोल जागा आहे. मी डोळे मिटतो, तुम्ही आकडा बघा."

त्यांनी डोळे मिटले. त्यांचा शिष्य 'तळघरातली स्पंदनं मोजायला' खाली गेला. आकडा टुणकन वर चढला. गर्दीतून "अहाहा" निघालं.

"गुरुजी, दुपारी ऊन पडलं की आकडा लाल का होतो हो?" कुणीतरी मागून विचारलं.

"दुपारी गोल ऊर्जा पितो, संध्याकाळी देतो. आईसुद्धा आधी जेवते, मगच बाळाला पाजते ना?"

दोन बायकांनी तर डोळेच पुसले.

"आणि एक लक्षात ठेवा. जितकं वापराल तितकी ऊर्जा वाढेल. कंजूस माणसाला गोल प्रसन्न होत नाही!"

हे सात नंबरवाल्यांना फारच पटलं होतं. सगळे दिवे चालू, हीटर चालू, एका काकांनी तर रिकाम्या खोलीत पंखा लावून ठेवला होता, थंडीत. आणि खरंच, जितकं वापरावं तितका आकडा वाढायचा.

मीटर कोपऱ्यात उभा राहून नखं खात होता. तो फलक त्यानेच बसवलेला. ही जुन्या नऊ इमारतींची वसाहत. भिंतींना बाहेरून जाड अस्तर लावायचं, खिडक्या बदलायच्या, छपरावर सौरपट्ट्या टाकायच्या आणि वर्षभरात वापरते त्याहून जास्त वीज वसाहतीने स्वतः तयार करायची, असा संस्थेचा बेत. पहिला नंबर सातचा लागला होता, तिथलं काम झालंही होतं. घरात किती ऊब राहते, भिंतीत किती ओल, वीज किती जाते नि किती येते, हे मोजायचं काम मीटरचं. कॉलेजचं तोंड त्याने पाहिलं नव्हतं. मोडकी यंत्रं उघडत उघडत शिकला, आणि हातातलं कसब बघून संस्थेने कामावर घेतलं. नाव कुणाला आठवत नाही, सगळे मीटरच म्हणतात.

"आणि हे यंत्र माझं नाही बरं का," गुरू फलकाकडे बोट दाखवत म्हणाले. "संशोधन संस्थेचं आहे. विज्ञानसुद्धा गोलापुढे हात जोडतं! मग नऊ नंबरला अस्तर कशाला? भिंत गुदमरते त्याने. गवंडी भिंतीवर पांघरूण घालतो, मी भिंतीत प्राण घालतो. रविवारी सभेत ठरवा."

हेच तर होतं. रविवारी नऊ नंबरचं मतदान होतं, अस्तर की गोल. आणि नऊ नंबरमध्ये मीटरचा शाळेपासूनचा मित्र राहायचा. रंगारी. त्याची आई जन्मभर लॉन्ड्रीत राबलेली, सगळ्यांची मावशी. तिच्या पलंगामागची भिंत हिवाळाभर ओली. रंगारी दरवर्षी रंग द्यायचा, दरवर्षी बुरशी तो खायची. मावशीचा खोकला गेली दोन वर्षं थांबलेला नव्हता. डॉक्टरने औषध दिलं आणि वर स्पष्ट सांगितलं, "आधी भिंत कोरडी करा, मग माझ्याकडे या."

"मी गोलाला मत देणार," घरी आल्यावर रंगारी म्हणाला. "अस्तराला चार महिने लागणार. गोल उद्या बसतो."

"अरे, पण..."

"पण काय? आकडा तुझाच आहे ना? का तू खोटं मोजतोस?"

मावशी खोकली, पाणी प्याली आणि म्हणाली, "मला एक सांगा रे पोरांनो. त्या बाबाने डोळे मिटले की तळघरात मोटार कशाला लागते?"

"कुठली मोटार?"

"पाण्याची. त्या दारात उभं राहिलं की माझ्या पायाला कळतं. तीस वर्षं धुलाईयंत्रांवर उभी होते मी. त्याने डोळे मिटले, खाली घुर्र. डोळे उघडले, बंद. त्याला काय झोपेत तहान लागते का?"

रंगारी हसला. मीटर नाही हसला. मोटार लागली तर वीज खर्च होणार. मग आकडा हिरवा कसा चढेल? लालच व्हायला हवा!

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने फलकाखालचं कपाट उघडलं. इमारतीच्या मुख्य तारेभोवती एक चिमटा बसवलेला असतो, वीज कुठल्या दिशेने चाललीय ते तो सांगतो. त्याच्यावर बाण असतो. बाणाचं तोंड इमारतीकडे हवं.

बाणाचं तोंड रस्त्याकडे होतं.

चिमटा उलटा! आत येणारी वीज बाहेर जातेय असं तो सांगत होता, आणि बाहेर जाणारी आत. म्हणून दुपारच्या उन्हात लाल, संध्याकाळी हिरवा. म्हणून जितकं वापरावं तितका चमत्कार. चिमट्यावर चिकटपट्टी होती, तिच्यावर तारीख आणि सही. सही मीटरची.

तो तिथेच जिन्यावर बसला. काखेत कळसा नि गावाला वळसा! तीन महिने तो आठवड्याचे आकडे बघून खूश होत होता. हिवाळ्यात इतकी वीज उरतेय म्हणून संस्थेत त्याची पाठ थोपटली होती. चांगला आकडा आला म्हणून कपाट उघडलंच नाही. वाईट आला असता तर पहिल्याच दिवशी उघडलं असतं.

गुपचूप फिरवून टाकता आला असता. फलक लाल झाला असता, आणि गुरू म्हणाला असता, 'गोल रुसला.' पण चूक कबूल करावी तर संस्थेतले पदवीवाले काय म्हणतील? शेवटी त्याने चिमटा तसाच ठेवला, संस्थेला फोन करून सगळं सांगितलं, आणि रंगाऱ्याकडे गेला.

रंगाऱ्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे तुझ्या बाणापायी मी आईच्या ओल्या भिंतीला मत देणार होतो?"

"हो."

"गाढवा."

"हो."

"रविवारी हे सगळ्यांसमोर बोल. मी इस्त्री घेऊन येतो."

रविवारी सकाळी अकराला सभा, त्याच सात नंबरच्या दारात, आभाळ तसंच भरलेलं. गुरू आले, कोट पांढराशुभ्र. "डोळे मिटतो," म्हणाले आणि मिटले. शिष्य तळघराकडे निघाला. तळघराच्या दारात खुर्ची टाकून मावशी बसली होती, पाय पसरून, मांडीवर विणकाम.

"मावशी, जरा वाट द्या."

"गुडघे धरलेत रे बाळा. तासाभराने उठेन."

आकडा हलेना. गुरूंनी एक डोळा किलकिला केला. "आज सभेत अश्रद्धेची लहर आहे," ते म्हणाले.

"मग मी चढवतो," मीटर म्हणाला. रंगाऱ्याने इस्त्री लावली. आकडा वर! इस्त्री बंद, आकडा खाली. मीटरने तांब्याचा गोळा उचलला आणि सरळ रस्त्यावर नेऊन ठेवला. पुन्हा इस्त्री. आकडा पुन्हा वर!

"अरेच्चा," पंखावाले काका म्हणाले, "प्राण इस्त्रीत होते वाटतं."

हशा ओसरला तेव्हा मीटरने कपाट उघडलं. "ही माझी सही. हा चिमटा मी उलटा बसवला. चूक माझी. गुरुजींना बाण माहीत नव्हता, त्यांना एवढंच कळलं होतं की मोटार लावली की आकडा चढतो." त्याने चिमटा काढला, फिरवला, बसवला. फलक लाल झाला.

एक आजोबा हळूच म्हणाले, "म्हणजे आपली इमारत नापास?"

"नाही आजोबा. अंधारलेल्या हिवाळ्यात कुठलीही इमारत वीज घेणारच. ऊन वाढलं की तीच देईल, हिशोब वर्षाचा आहे. पण अस्तर लावण्याआधी याच महिन्यात तुम्ही जेवढी वीज घेत होता, त्याच्या निम्मीच आता घेताय. तीही गोलासाठी रिकाम्या खोल्यांत पंखे लावून! हे काम अस्तराचं आहे. हात लावा भिंतीला. कोरडी आहे की नाही?"

लोकांनी खरंच हात लावले.

"माझं ऐकू नका," मीटर म्हणाला. "मी चुकलो, हे तुम्ही आत्ताच पाहिलं. गुरुजींचंही ऐकू नका. कुणी आकडा दाखवला की विचारा, कशाने वाढतो? ते काढून बघू का? एवढं विचारायला पदवी लागत नाही. मावशीने पायाने विचारलं."

गुरू तोवर रस्त्यावर होते, गोळा काखेत मारून. नऊ नंबरने मतं दिली. अस्तर जिंकलं, अवघ्या चार मतांनी. संस्थेने मीटरला काढलं नाही. तीन महिन्यांचे आकडे पुन्हा तपासायला लावले, एकेक.

अस्तराचं काम सुरू झालं त्या दिवशी रंगारी नि मीटर मावशीच्या भिंतीशी उभे होते. बाहेर गवंड्यांची ठाकठूक चाललेली. मीटरने भिंतीला ओल मोजायचं नवं यंत्र लावलं.

"हे तरी सुलटं आहे ना रे?" आतून मावशी ओरडली.

रंगारी भिंतीवरून हात फिरवत म्हणाला, "आणि काम संपल्यावर हे यंत्र म्हणालं भिंत कोरडी, तर?"

"तर मी त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही," मीटर म्हणाला. "आधी तुला बोलवीन. तू हात लाव, मावशीला विचार खोकला किती वेळा आला. मगच मी आकडा लिहीन. शब्द देतो."