दोन बाबांची कवळी

मेणाचा दात कोरताना सूनबाई गुणगुणायची:

मेणाचा दात मी कोरते हळू,
बाबांच्या घासाला लागू नये वाळू.

कवळ्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात ती नवी होती. आजवर प्लास्टर कालवण्यातच तिचे हात पांढरे झाले होते. खिडकीखालच्या मेजाशी बसून दात बसवायचं काम तिला पहिल्यांदाच मिळालं होतं. मालकांनी बजावलं होतं, "या दोन कवळ्या जमल्या तर मेज तुझं. नाही जमल्या तर प्लास्टरचं घमेलं आहेच."

कवळ्या होत्या तिच्या सासऱ्यांच्या आणि वडिलांच्या. सासरे प्रवचनकार, वडील तर्कशास्त्राचे निवृत्त मास्तर. व्याही झाल्यापासून दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत होतं: समोरचा चुकतोय. देवाचं भय सुटलं की माणूस मोकाट ढोर, असं सासरे म्हणायचे. भयापोटी चांगला वागतो तो दावणीचं ढोर, असं मास्तर म्हणायचे. दोघांचे दात पडले, वाद मात्र शाबूत राहिला.

आज सभागृहात जाहीर सामना होता: नीतीचा पाया कोणता, श्रद्धा की बुद्धी? सकाळीच सूनबाईने दोघांना कवळ्या दिल्या. दोघांनी त्या बसवल्या आणि दोघांच्याही डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"कशी आहे, बाबा?"

सुनेचं मन दुखवणं पाप, असं सासऱ्यांनी मनात म्हटलं. "प्रसाद आहे गं, प्रसाद!"

मास्तरांनी आपल्या हिरडीचं दुःख एका पारड्यात टाकलं आणि लेकीचा आनंद दुसऱ्यात. "अचूक," ते म्हणाले.

दोघंही खोटं बोलले, आणि दोघंही तत्त्वाला धरून.

सभागृहात मालक पहिल्या रांगेत बसले होते, आपल्या मालाची वाहवा ऐकायला. सासरे उठले. "शत्य हाच धर्म!" ते गरजले. मास्तरांनी उत्तर दिलं, "फिफेक हाच खरा दिफा!" श्रोत्यांना वाटलं, विषय गहन आहे, उच्चारही तसेच असणार. त्यांनी माना डोलावल्या.

मास्तरांनी रुमाल ओठाला लावला. त्यावर लाल ठिपका उमटलेला सूनबाईने पाहिला आणि तिला जबड्यांचे साचे आठवले. दोन्ही साच्यांवर तिने एकच शब्द लिहिला होता: बाबा. जन्म दिला तेही बाबा, घरात घेतलं तेही बाबा. तिच्या जिभेला दुसरा शब्दच ठाऊक नव्हता. जबडेही मापाने जवळजवळ सारखे. कोणता बाबा कोणता, हे साच्यांनी थोडंच सांगावं?

गप्प बसलं तर मेज आपलं होतं. दोघं काही बोलणार नव्हते, दातओठ खाऊन हसणार होते. पण तो ठिपका रुमालावर पसरत होता.

ती व्यासपीठावर चढली. "बाबा, कवळी काढा."

"कुणी? मी?" दोघं एकदम म्हणाले.

"दोघांनी. अदलाबदल झालीय. चूक माझी आहे."

सभागृह खदखदून हसलं. पाण्याचे पेले आले, दात धुतले गेले, आपापल्या तोंडी गेले. तोंड सुधारताच सासरे कडाडले, "बघा! भर सभेत खरं बोलण्याचं बळ श्रद्धेशिवाय येतं का?"

"छे! तिने पुरावा पाहिला आणि निष्कर्ष काढला. शुद्ध बुद्धी!"

"तुम्हाला दुखत होतं ना," सूनबाई म्हणाली. ते कुणी ऐकलं नाही.

मालकांनी मात्र जागेवरूनच सुनावलं, "उद्यापासून घमेलं."

"सत्याची किंमत मोजावीच लागते," सासरे म्हणाले.

"तत्त्वतः योग्य," मास्तर म्हणाले.

व्याह्यांचं चक्क एकमत झालं! टाळ्या कडाडल्या. सूनबाई खाली मान घालून पायऱ्या उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याच्या दाराशी दोघं व्याही समोरासमोर आले आणि चोरासारखे दचकले.

"तुम्ही कसे काय इकडे?" मास्तरांनी विचारलं.

"मी? ते... जरा टोचतंय. आणि तुम्ही?"

"माझंही टोचतंयच की."

मालकांच्या कानांवर तेवढंच पडलं. "अजून टोचतंय? मग तिला घमेल्यावरूनही उठवतो!"

आतून सूनबाई आली, हात प्लास्टरने माखलेले. "आ करा," ती म्हणाली. दोघांनी पोरांसारखा आ केला. तिने वाकून नीट पाहिलं.

"कुठे टोचतंय, बाबा?"

एकाने उजवा गाल दाखवला, दुसऱ्याने डावा, मग दोघांनी गाल बदलले.

"कुठंच टोचत नाही. खरं बोला."

सासरे जमिनीकडे बघत पुटपुटले, "हिला मेजाशी बसवा, एवढं सांगायला आलो होतो."

"मीही. तुमच्या आधी निघालो होतो," मास्तर म्हणाले.

"का म्हणून बसवू?" मालकांनी हात कमरेवर ठेवले. "चूक तिची, कबूल तिने केली, शिक्षा तुम्हाला मान्य. आता कारण सांगा."

मास्तरांना कारण सुचेना, सासऱ्यांना वचन आठवेना. जन्मभर दुसऱ्यांना पाया दाखवणारे दोघं उंबऱ्यावर उघडे पडले.

"पोर चांगली आहे हो," एक जण म्हणाला.

"फार चांगली आहे," दुसरा म्हणाला.

मालकांनी दोघांच्या तोंडांत वाकून पाहिलं. दात हिरडीला कसे अगदी चपखल बसले होते.

"हात धू," ते सूनबाईला म्हणाले, "आणि मेजाशी बस."