पाहुण्यांसाठी ठेवलेला गालिचा

मित्रांनो, मी एक जुना गालिचा आहे. वयाच्या मानाने माझी लोकर अजून दाट आहे आणि रंगही फारसा उतरलेला नाही. कोणी याचे कौतुक केले की मी मनातल्या मनात ओशाळतो. न झिजण्यात माझे कर्तृत्व ते काय? माझ्यावर फारसे कोणी चाललेच नाही, एवढेच.

मला एका नवरा-बायकोने मागावर विणले. कडेच्या निळ्या वेलीवरून दोघांचे असे भांडण जुंपले की एका कोपऱ्यात वेल उलटीच वळली आहे. विणून झाल्यावर दोघे अनवाणी माझ्यावर उभे राहिले. "पायाला बरा लागतोय," ती म्हणाली. आयुष्यभर आता हेच ऐकायचे, असे मला वाटले होते.

दुकानातून मला आईने घरी आणले. आई म्हणजे भिंगरीची आई. भिंगरी ही त्या घरातली एकुलती एक मुलगी. पोर एका जागी ठरत नसे, म्हणून तिला हे नाव पडले होते. बाबा वायरमन होते. मला पाहताच भिंगरी चपलांसकट माझ्यावर चढली, तशी आई कडाडली, "उतर आधी खाली! तो पाहुण्यांसाठी आहे."

मग डांबराच्या गोळ्या घालून, जुन्या चादरीत गुंडाळून मला कपाटावर चढवण्यात आले. पाहुणे येणार असले की मला अंथरत आणि त्यांची पाठ फिरली की मी पुन्हा वर. पाहुणेही बिचारे माझ्या धास्तीने पाय आखडून बसत. कपाटावरून मला भिंगरीचे पाढे, बाबांचे घोरणे, आईचे पुटपुटणे सगळे ऐकू येई. पण त्या घरात असूनही मी त्या घरचा नव्हतो.

एकदा बाबांचे साहेब यायचे होते. मला अंथरले आणि नेमका तेव्हाच डोक्यावरचा पंखा कुरकुरू लागला. गावभराचे पंखे दुरुस्त करणाऱ्याच्या घरात पंख्याने कुरकुरावे म्हणजे शोभा झाली! बाबा ग्रीसचा डबा घेऊन स्टुलावर चढले. घाईत हात निसटला आणि काळ्या ग्रीसचा गोळा थेट माझ्या मध्यावर पडला. बाबांच्या तोंडचे पाणी पळाले. त्यांनी ओले फडके घेऊन डाग खसाखसा घासला, तसा नाण्याएवढा डाग बशीएवढा झाला.

"वायरी जोडता येतात, पण जरा अक्कल जोडता येत नाही!" आईने कपाळाला हात लावला.

शेवटी साहेबांची खुर्ची त्या डागावरच ठेवली आणि ते जाईपर्यंत त्यांना कोणी जागचे हलू दिले नाही.

त्या डागाने माझे नशीब उघडले. "आता कसला हा पाहुण्यांपुढे अंथरायचा," म्हणत आईने मला आतल्या खोलीत टाकले. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस! भिंगरी पोटावर झोपून माझ्यावर अभ्यास करी आणि पेन्सिलीला टोकही तिथेच करी. बाबा कामावरून आले की माझ्यावर आडवे होत. आई भाजी निवडायला बसे तीही माझ्यावरच. मला कोणी जपत नव्हते आणि मी कधी नव्हे इतका खुशीत होतो.

आईच्या डोक्यातून मात्र डाग जाईना. एके दिवशी शेजारच्या काकूंनी तिला उपाय सांगितला. "घासायचं नाही गं, टिपायचं. आणि कडेकडून मध्ये यायचं, म्हणजे डाग पसरत नाही."

आईने कंबर कसली. आधी बोथट चमच्याने वरचे ग्रीस खरवडले. मग खाण्याचा सोडा भुरभुरवून तो दुसऱ्या दिवशी ब्रशने झाडला. भांड्यांचा साबण कोमट पाण्यात कालवून आधी एका कोपऱ्यावर लावून पाहिला. माझा रंग जात नाही म्हटल्यावर ती पांढऱ्या फडक्याने टिपत बसली. फडके काळे झाले की ती नवी बाजू घेई. मी ग्रीस घट्ट धरून ठेवले होते, पण तिची चिकाटी जबर.

"डाग गेला की हा परत वर जाणार?" भिंगरीने विचारले.

"मग? इथे लोळून लोळून त्याची वाट लावायची होय?"

"मग नको ना काढूस!"

"वेडी आहेस झालं," आई म्हणाली आणि टिपत राहिली.

पोरीने माझ्या मनातले बोलून दाखवले होते, पण आमचे ऐकतो कोण? चार दिवसांत डाग साफ गेला. बाबांनी तोंडात बोटे घातली, काकूंनी शाबासकी दिली आणि मी कपाटावर गेलो.

गेलो तो कित्येक वर्षांसाठी. खाली भिंगरीचा आवाज बदलत गेला. मग ती शिकायला दूरच्या शहरात गेली, तिथेच नोकरीला लागली आणि तो आवाजच ऐकू येईनासा झाला. आई-बाबांचे बोलणे चहापाण्यापुरते उरले. मला पाहुणे नको होते, कौतुक नको होते. पोटावर झोपणारी ती पोर हवी होती. तिच्या आठवणीने जीव कासावीस होई.

मग एके सकाळी आईने मला लगबगीने खाली काढले, उन्हात झटकले आणि बाहेरच्या खोलीत अंथरले. दुपारी दारात भिंगरी उभी राहिली. तिने बूट काढले, माझ्याकडे पाहिले आणि मला पाय न लावता कडेकडेने जाऊन खुर्चीत बसली.

"अगं, अशी कडेने काय जातेस?" आई म्हणाली.

"पाहुण्यांसाठी काढलायस ना?" भिंगरी हसत म्हणाली. मग तिचे हसू मावळले. "आई, मी पाहुणी झाले का गं?"

आई आत गेली ती तेलाची वाटी घेऊन आली आणि माझ्या मधोमध फतकल मारून बसली. "ये इकडे. केसांची काय दशा करून घेतलीयस!"

भिंगरी तिच्यापुढे बसली. आई तिच्या डोक्यावर तेल थापू लागली. बोलता बोलता वाटी कलंडली आणि तेल माझ्यात झिरपले.

"थांब, सोडा आणते," आई उठू लागली. भिंगरीने तिचा हात धरला.

"बस ना गं. परवा काढ."

"परवा तू कुठे असशील?"

आईने पुन्हा तिच्या केसांत बोटे घातली.

भिंगरी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी आई सोड्याचा डबा आणि पांढरे फडके घेऊन माझ्याजवळ बसली. डाग ताजा होता, तिच्या हाताला तो सहज निघाला असता.

"काढून टाक, नाहीतर मुरेल," बाबा म्हणाले.

"मुरू दे," आई म्हणाली आणि डबा आत ठेवून आली.

मित्रांनो, डाग काढायला जरूर शिका. घासू नका, टिपा. वस्तूंची निगा राखा. पण घरची माणसे घरात आहेत तोवरच त्या त्यांच्यासाठी बाहेर काढा. मला आता कोणी कपाटावर ठेवत नाही. आई-बाबा दिवसभर माझ्यावरून ये-जा करतात आणि मी आनंदाने झिजतो आहे. जिन्यात पावले वाजली की आम्ही तिघेही कान देतो. बहुतेक वेळा त्या शेजारच्या काकू असतात.