लेबल नसलेला कॅन

तिसरं वर्ष संपत आलं की रसायनशास्त्र विभागात प्रत्येकाच्या हातात एक फॉर्म पडतो. त्यावर चार चौकटी असतात आणि खूण एकीतच करायची असते. पहिली म्हणजे तीन वर्षांची साधी पदवी घ्या आणि कामाला लागा. दुसरी, चौथं वर्ष प्रयोगशाळेत संशोधन करून ऑनर्स. तिसरीतही चौथं वर्ष आहेच, पण संगणकासमोर बसून. तिथे रेणू पडद्यावर फिरतात आणि कुणाचा हात भाजत नाही. चौथी शिक्षक होणाऱ्यांची. ज्या पोरांना दुपारी काय खायचं हे ठरवायला अर्धा तास लागतो, त्यांनी जन्माचं हे एका खुणेत उरकावं, असा विभागाचा कारभार.

थेंबीने दुसऱ्या चौकटीत खूण करून महिना झाला होता. फॉर्म मात्र बॅगेतच पडून होता. त्याच्या मागच्या बाजूला एक ओळ होती : प्रयोगशाळेतल्या कामाला बाधक असा कोणताही शारीरिक त्रास मला नाही. खाली विद्यार्थ्याची सही, त्याखाली पालकांची. ही ओळ तिने इतक्या वेळा वाचली होती की तिला ती पाठ झाली होती. सही काही झाली नव्हती.

थेंबी हे नाव वर्गाने ठेवलेलं. ब्युरेट म्हणजे काचेची उभी लांब नळी, खाली तोटी असलेली. तिच्यातून खालच्या फ्लास्कमध्ये थेंब थेंब सोडायचा आणि रंग बदलला की थांबायचं. बाकीची पोरं दोन-चार थेंब पुढे जायची, मग वहीत खाडाखोड करून साळसूदपणे तीन सारखे आकडे लिहायची. थेंबी अर्ध्या थेंबावर थांबायची. तोटीच्या टोकाला लोंबणारा अर्धा थेंब ती पाण्याने धुऊन आत घ्यायची आणि तिचे तिन्ही आकडे खरोखरच सारखे यायचे. हात असा की बघत राहावं.

हात शाबूत होता. गेलं होतं ते नाक.

आठ महिन्यांपूर्वी तिला चार दिवस ताप आला. ताप उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बॅटरी मारून नाकात पाहिलं आणि सांगितलं, "येईल परत. नाही आला तर मात्र नाही येणार." एवढं ज्ञान तर तिला फुकटातही मिळालं असतं. पहिले दोन महिने ती रोज सकाळी साबणाची वडी नाकाला लावून बघायची. पुढे तेही सोडलं. वासापाठोपाठ आणखीही काहीबाही गेलं, ते कुठल्या डॉक्टरला दाखवायचं हे तिला कळेना. निकाल लागला, वर्गात दुसरी आली, आणि काही वाटलं नाही. मैत्रीण गळ्यात पडली तेव्हा 'आता आपणही हसायला हवं' असा विचार करून ती हसली.

कुणाला कळू नये म्हणून तिने युक्त्या शोधल्या होत्या. टेबलावरच्या जोडीदारणीला, जिला सगळे चष्मेवाली म्हणत, ती परीक्षा घेतल्यासारखं विचारायची, "सांग बरं, कसला वास वाटतो?" चष्मेवाली हुंगायची, म्हणायची, "गोडसर, फळासारखा." थेंबी मान हलवायची, "बरोबर." दुसऱ्याच्या नाकाने संसार चालला होता.

घरीही तेच. तिचे बाबा घरं रंगवायचे. लहानपणी दारात त्यांचं पाऊल पडायच्या आधी थिनरचा वास आत यायचा आणि ती उडी मारून उठायची. आता ते मागून येऊन डोक्यावर हात ठेवायचे तेव्हा ती दचकायची. बाबा घरात आलेले आपल्याला कळत नाहीत, हे एकदा जिन्यात उभं असताना तिच्या लक्षात आलं. रडू येईल म्हणून ती थोडा वेळ थांबली. आलं नाही. मग ती वर गेली.

बाबांना एक खोड होती. रंगाचा डबा हातात आला की ते त्याच्यावरचं सगळं मोठ्याने वाचायचे, पार बारीक अक्षरांसकट. घरात औषधाची बाटली आली तरी वाचन, तेलाचा कॅन आला तरी वाचन. आई म्हणायची, "झालं यांचं पारायण सुरू!" मुलीने रसायनशास्त्र शिकावं हा हट्टही त्यांचाच. "मी नुसतं वाचतो," ते म्हणायचे, "आत काय आहे ते तू मला सांग."

आणि जेवणाच्या टेबलावर हल्ली एक गंमत व्हायची. आई वाढायची, आणि बापलेक दोघंही घास हातात धरून एकमेकांकडे बघत बसायचे. थेंबी बाबांच्या चेहऱ्यावरून अंदाज घ्यायची, मगच 'छान' म्हणायची. मध्यंतरी एकदा दूध करपलं. आईने फेकायचं म्हणून बाजूला ठेवलेलं, ते या दोघांनी पेल्यांत ओतून घेतलं, पिऊन टाकलं आणि वर 'मस्त' म्हणाले. आई दोन दिवस बोलली नाही. तिला वाटलं, थट्टा करतायत.

फॉर्म द्यायच्या आदल्या दिवशी तिसऱ्या वर्षाचा सराव होता. विभागप्रमुख मॅडम त्यावरून संशोधनाच्या जागांसाठी पोरं हेरायच्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं. थेंबी अर्धा तास आधी आली. शिशीमामा, म्हणजे प्रयोगशाळेतले जुने सहायक, त्यांच्या निवृत्तीच्या कागदांसाठी ऑफिसात गेले होते. एकतीस वर्षं त्यांनी प्रत्येक शिशीवर स्वतःच्या वळणदार अक्षरात लेबल चिकटवलं होतं. नाव तिथूनच पडलं. त्यांचं एक काम हलकं करावं म्हणून थेंबीने पिचकारीच्या बाटल्या भरायला घेतल्या. या बाटल्यांत शुद्ध पाणी असतं, फ्लास्कच्या कडा धुवायला.

ट्रॉलीवर दोन पांढरे कॅन होते. लेबल एकावरही नव्हतं. तिने अलीकडचा पाण्याचा समजून उचलला, झाकण उघडलं आणि वीसच्या वीस बाटल्या भरून टाकल्या. चष्मेवाली त्या दिवशी आली नव्हती.

सराव सुरू झाला. फ्लास्कमध्ये आम्ल, ब्युरेटमध्ये अल्कली, गुलाबी रंग आला की थांबायचं. थेंबीच्या फ्लास्कमध्ये गुलाबी आला. तिने शिस्तीत कडा धुतल्या. गुलाबी गेला. तिने आणखी दोन थेंब सोडले, गुलाबी आला, कडा धुतल्या, पुन्हा गेला. असं तिच्या हातून कधीच झालं नव्हतं. पहिला आकडा चौदा पूर्णांक सहा, दुसरा पंधरा पूर्णांक एक. मागच्या टेबलावरच्या आळशी पोराने, ज्याने जन्मात फ्लास्कच्या कडा धुतल्या नव्हत्या, नऊ पूर्णांक आठ लिहून वही मिटलीसुद्धा.

मॅडम वह्या चाळत आल्या. ज्यांचं काम गबाळं त्यांचे आकडे बरोबर, आणि जी पोरं नीट धुणारी ती सगळी चुकलेली. सगळ्यात जास्त चुकली होती थेंबी. मॅडमनी तिची पिचकारी उचलली, तळहातावर दोन थेंब घेतले आणि नाकाशी नेले.

"हे व्हिनेगर आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे दुपारच्या वर्गाचं पातळ ॲसेटिक ॲसिड. पंखे चालू, त्यात इथे रोजच शंभर वास, म्हणून तुम्हाला कळलं नसेल एक वेळ. पण भरणाऱ्याला? मामा!"

शिशीमामा नुकतेच आत आले होते. त्यांनी कॅन पाहिला, बाटल्या पाहिल्या, सगळं त्यांच्या लक्षात आलं.

"लेबल माझ्याकडून राहिलं," ते म्हणाले. "धुताना निघालं होतं. म्हटलं, झाकण उघडलं की कुणालाही कळतं. मग लावू."

"कुणालाही कळतं ना? मग बाटल्या भरताना तुम्हाला कसं नाही कळलं? शेवटच्या महिन्यात मेमो द्यायला लावताय मला."

मामांनी 'मी भरल्या नाहीत' एवढं म्हणायचं होतं. ते म्हणाले नाहीत. त्यांनी एकदा थेंबीकडे पाहिलं आणि खाली मान घालून ते बाटल्या गोळा करायला लागले. सकाळी ऑफिसातून त्यांनी खिडकीतून तिला पाहिलं असणार.

गप्प राहिलं तर दुसरी चौकट आपली आहे, हे थेंबीला लख्ख दिसत होतं. बोललं तर मागची ती ओळ खोटी ठरणार. आपल्याला आता भीती वाटायला हवी, असं तिला वाटलं. छाती नेहमीसारखीच चालली होती. तिचा आवाजही ठीक निघाला.

"मॅडम, बाटल्या मी भरल्या. मला वास येत नाही. आठ महिने झाले."

मॅडमनी हातातली पिचकारी खाली ठेवली.

मॅडमनी तिला केबिनमध्ये नेलं. त्या चिडलेल्या नव्हत्या, आणि ते जास्त कठीण होतं.

"आठ महिने तू इथे काय काय हाताळलंस, माहितीये ना तुला?"

"हो."

"तुझ्यासारखा हात दहा वर्षांत एखाद्याच पोराचा असतो. आणि त्याच हाताने आज तू वीस जणांचं पाणी नासवलंस. व्हिनेगर होतं म्हणून आपण इथे बसून बोलतोय." त्यांनी फॉर्म मागितला, मागची बाजू वाचली. "प्रयोगशाळा बंद आहे असं मी म्हणणार नाही. एकटीने काम करता येणार नाही, आणि हे सगळं कागदावर यायला हवं. नाहीतर संगणकाची चौकट आहे. तिथे नाकाची गरज नाही. घरी सांगितलंयस?"

"नाही."

"का?"

थेंबीने विचार केला. "बाबा डबे वाचतात," ती म्हणाली. त्याचा अर्थ मॅडमना कळणं शक्य नव्हतं.

"आधी घरी सांग. उद्या बारापर्यंत पालकांच्या सहीने खरा फॉर्म आण. कुठल्याही चौकटीचा."

बाहेर शिशीमामा दोन्ही कॅनवर लेबलं लावत होते. ती शेजारी उभी राहिली. "मामा, तुम्ही का नाही सांगितलं?"

"माझा एक महिना राहिलाय," ते म्हणाले, "तुझं सगळंच राहिलंय. आणि लेबल नव्हतंच ना पोरी. ते काही खोटं नाही." त्यांनी कागदावरून अंगठा फिरवून हवा काढली.

संध्याकाळी बाबा कामावरून आले, हातपाय धुतले, टेबलाशी बसले. थेंबीने फॉर्म त्यांच्यासमोर ठेवला. आई आत भाजी ढवळत होती. बाबा सवयीने मोठ्याने वाचू लागले. चारही चौकटी वाचून झाल्या. "चौथं वर्ष प्रयोगशाळेत. हे उत्तम!" त्यांनी पान उलटलं. "कामाला बाधक असा कोणताही शारीरिक त्रास मला..."

"आहे," थेंबी म्हणाली. "मला वास येत नाही, बाबा. त्या तापापासून. आज माझ्यामुळे सगळ्यांचे आकडे चुकले. हे खोडून खरं लिहायचंय, मग कदाचित ही जागा मिळणार नाही. तुम्ही सही करा, एवढंच."

भाजीचा भाव सांगावा तसं तिने ते सांगितलं. बाबांनी पेनचं टोपण काढलं, परत लावलं, पुन्हा काढलं.

"मलाही येत नाही," ते म्हणाले.

"काय?"

"वास. तू तिसरीत असशील. बंद खोल्यांतून थिनर घेऊन घेऊन गेला असावा. एकदम नाही गेला, हळूहळू. सांगितलं असतं तर आतली कामं मिळाली नसती."

"मग तुम्ही डबे ओळखता कसे?"

"वाचतो की!" बाबा जरा चिडूनच म्हणाले. "तुम्ही हसता त्याला. वाचल्याशिवाय एक डबा उघडलेला नाही मी इतक्या वर्षांत. आणि ज्याच्यावर लेबल नाही, तो डबा आपला नाही. हात लावायचा नाही. हे मी तुला आधीच सांगायला हवं होतं. पण सांगायचं तर हेही सांगावं लागलं असतं."

आतलं ढवळणं थांबलं होतं. आई डाव हातात घेऊन दारात उभी होती.

"आणि जेवण?" तिने विचारलं.

बाबांनी फॉर्म उगाच सरळ करून ठेवला.

"अहो, मी विचारतेय. जेवण?"

"मीठ कळतं," बाबा म्हणाले. "गोड कळतं. बाकी... पूर्वी तुझ्याच तोंडाकडे बघून सांगायचो. हल्ली हिच्या."

"मी तुमच्या," थेंबी म्हणाली.

"म्हणजे ते करपलेलं दूध..."

बाबांनी मान हलवली.

आई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. "मग इतकी वर्षं रोज चाखून चाखून मी कुणासाठी रांधतेय?" एवढंच तिने विचारलं, आणि डाव टेबलावर ठेवून बसली.

थेंबीला वाईट वाटलं. आठ महिन्यांत पहिल्यांदाच. साधं, सरळ वाईट वाटलं. तिने पेन घेतलं, ती ओळ खोडली, वर लिहिलं : मला वास येत नाही. मी लेबल वाचल्याशिवाय झाकण उघडणार नाही. दुसऱ्या चौकटीतली खूण तिने तशीच राहू दिली. बाबांनी तिचं वाक्य मोठ्याने वाचलं आणि खाली सही केली.

आई उठून भाजी घेऊन आली. तिघांना वाढली. दोघांचे हात सवयीने ताटावर थबकले, नजरा एकमेकांकडे गेल्या आणि खाली वळल्या. तेव्हा आईने पहिला घास घेतला आणि सावकाश चावला.

"कांदा जरा लागलाय खाली," ती म्हणाली. "पण मिरीचा वास छान आलाय. जेवा आता."